केर्वेनेलची आठवी भुई

१४ मार्च १९८३, सोमवार

दिवाणखान्याच्या उत्तरेकडच्या भिंतीला पाणी सुटलं आहे. पुसून वळते न वळते तोच पुन्हा थेंब. नोव्हेंबरात मी ह्या खोलीत सिमेंटची जमीन करून घेतली. गुळगुळीत, राखाडी, पॅरिसच्या माझ्या टपाल कचेरीत होती तशी. त्याआधी इथे नुसती मातीची भुई होती, खड्ड्याखड्ड्यांची. कोंबड्या तिच्यात लोळायच्या. अडतीस वर्षं पॅरिसला नोकरी करून मी परत आले, ती काय चिखलात राहायला?

आणि हा सगळा खटाटोप बाबांसाठी. ऑक्टोबरात ते आमच्या केर्वेनेल गढीच्या गोल जिन्यावरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून इस्पितळात आहेत. वय शहाऐंशी, छाती नाजूक. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं आहे: तळमजल्यावर कोरडी, उबदार खोली असेल तर ऑगस्टअखेर घरी न्या, नसेल तर त्यांचं नाव वृद्धाश्रमाच्या यादीत घालतो. बाबांना आपल्या भिंतीतल्या मोठ्या चुलाणासमोर बसायचं आहे, बाकी काही नको. आणि त्या चुलाणाच्या दगडावर आज मला हिरवी बुरशी दिसली.

१६ मार्च

लोमिगकाकांना बोलावलं. ते गवंडी, बाबांचे बालमित्र, वय चौऱ्याऐंशी. आता कामाला हात लावत नाहीत, मत मात्र न मागता देतात. आत आले, खाली बघितलं आणि सिमेंटवर थुंकले. खरोखर थुंकले.

"हे कुठल्या शहाण्यानं केलं?"

"मी."

"तरीच. टपालाची तिकिटं चिकटवायची सवय. भुईतली ओल पूर्वी भुईतूनच वर यायची नि चुलीच्या धगीनं उडून जायची. तू तिच्या तोंडावर झाकण घातलंस. आता ती भिंत चढणार, दुसरं काय करेल बिचारी? पाचशे वर्षांच्या भिंती आहेत ह्या, दोन दगडांच्या मध्ये नुसती माती. आणखी दोन हिवाळे गेले की चुलाणावरचा दगड येतो की नाही बघ खाली. तुझ्या बापाच्या डोक्यात."

"मग करू काय?"

"फोड."

गावात दर दुसऱ्या घरात हेच सिमेंट आहे. सगळ्यांच्या भिंती रडतात आणि सगळे हवेला दोष देतात. फोडायचं मात्र मी.

२० मार्च, रविवार

बाबांना भेटायला गेले. त्यांना वाईट वाटेल म्हणून बेतानं सांगितलं, तर ते चक्क हसले. मला ह्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

"मातीचीच भुई कर, पोरी. चार बोटं जाड. पण माती चांगली हवी. आपल्या खालच्या शेतातली, धुण्याच्या तळ्याच्या कोपऱ्यातली. तीच फुटत नाही."

खालचं शेत! बाबांनी गढी मला दिली आणि शेतं माझ्या धाकट्या भावाला, तुदीला. ते शेत तुदीचं आहे आणि तुदीशी मी चौदा वर्षांत एक शब्द बोललेले नाही. एकोणसत्तर साली सरकारनं लहान शेतं जोडून मोठी करायची जुळवाजुळव काढली, तेव्हा ह्यानं कागदावर सही केली आणि बुलडोझरनं आमची ओकची दुतर्फा झाडं पाडली. फाटकापासून कबुतरखान्यावरून थेट गढीच्या दारापर्यंत येणारी, चाळीस झाडं. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत बसमधून उतरले आणि मला घरच ओळखू येईना. उघडंनागडं दिसत होतं. त्या दिवशी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

"दुसऱ्या कुणाची माती चालणार नाही?" मी विचारलं.

बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांना झोप अगदी वेळेवर लागते.

१३ एप्रिल

सिमेंट फुटलं. दोन माणसं तीन दिवस घणाचे घाव घालत होती आणि माझं डोकं अजून ठणकतं आहे.

त्यात आज रेन शहराहून जुन्या वास्तूंची नोंद करणाऱ्या खात्याची बाई आली, कुमारी ओब्रे. वय फार तर अठ्ठावीस. दोन वर्षांपूर्वी मी ह्या गढीची सविस्तर माहिती लिहून पाठवली होती: जिन्याच्या बुरुजाचं माप, दारावरचं राज्यक्रांतीत छिन्नीनं खरवडलेलं घराण्याचं चिन्ह, वर धन्याच्या खोलीतला भिंतीच्या जाडीत कोरलेला संडास, सगळं. त्याबद्दल एक शब्द नाही. ती आल्या आल्या गुडघ्यांवर बसली आणि चुलाणाजवळ कोपरभर खोल खड्डा खणायला लागली.

"हे बघा, हे बघा!" अशी ओरडली की मला वाटलं हंडा सापडला. बघते तर माती. पिवळसर माती, मग काळी रेघ, पुन्हा पिवळी, पुन्हा रेघ. धिरड्यांची चवड कापावी तसं दिसत होतं.

"सात जमिनी आहेत, मादाम! दर दोनतीन पिढ्यांनी जुन्या भुईवर नवी भुई. पहिली सगळ्यात खाली, गढी बांधली तेव्हाची."

मग तिनं मला चुलाणापाशी उभं केलं. त्याचा वरचा दगड माझ्या छातीशी येतो. लहानपणापासून मी त्यावर कपाळ आपटत आले आहे आणि ज्यानं बांधलं त्याला शिव्या घालत आले आहे. कुमारी ओब्रे म्हणाली, बांधणाऱ्यानं बरोबरच बांधलं होतं. त्याच्या वेळी माणूस ताठ उभा राहून आत जायचा. दगड खाली आला नाही, भुई वर आली. खिडकीतली दगडी बाकं घोट्याला लागतात तीही त्यामुळेच. मी ह्या घरावर बावीस पानं लिहिली आणि हे मला सुचलं नाही, ह्याचा राग आला.

जाताना चिमूटभर माती बोटांत चोळत म्हणाली, "सातही थरांना एकच माती आहे. फार लांबून नाही आणलेली. पन्नास पावलांच्या आतलीच असेल."

रेनच्या पोरीला काय कळतंय! खालचं शेत अर्ध्या कोसावर आहे. बाबा काय खोटं सांगतील?

तिची इच्छा अशी की पहिल्या भुईपर्यंत सगळं खणून काढावं, म्हणजे पाचशे वर्षांपूर्वीचा दिवाणखाना दिसेल. संध्याकाळी बाबांना सांगितलं. म्हणाले, "आणि मी बसू कुठं? विहिरीत?" ह्या एका बाबतीत आमचं एकमत झालं.

२ मे

तुदीच्या दारात जाण्यापेक्षा कौलांच्या भट्टीवरून माती मागवली. परवा एका कोपऱ्यात लावून बघितली. आज तिला अशा भेगा पडल्या आहेत की बोट जाईल. लोमिगकाका बघून गेले आणि खूश होऊन गेले. ह्या माणसाला माझ्या प्रत्येक फजितीचा आनंद होतो.

बाबा आज फार खोकत होते. नर्स म्हणाली, जेवत नाहीत. मला म्हणाले, "माती आणलीस का?" मी दुसरं काही विचारलं तरी तेच, "माती आणलीस का?"

९ मे

गेले.

माझ्या घरापासून तुदीचं घर चालत वीस मिनिटं. मी तीन वेळा परत फिरले. एकदा तर दूध गॅसवर ठेवलं आहे असं स्वतःला सांगून आले, आणि ठेवलेलं नव्हतं.

तुदी ट्रॅक्टरखाली आडवा पडला होता. आधी बूट दिसले, मग तो. केस पांढरे झाले आहेत. मला बघून उठला, हात पँटला पुसले.

"या, पॅरिसवाल्या बाई," म्हणाला. "वाट चुकलात का? मधे ओळखीचं झाड राहिलं नाही म्हणतात."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण बाबांचा खोकला कानात होता.

"माती हवी आहे. खालच्या शेतातली, तळ्याच्या कोपऱ्यातली. बाबा म्हणतात तीच लागते."

त्यानं ट्रॅक्टरला पाठ टेकली. "बाबा म्हणाले? खालच्या शेतातली?"

"बहिरा झालास का?"

"नाही," तो म्हणाला. मग डोकं खाजवत म्हणाला, "बरोबर आहे. तिथलीच माती. किती हवी?"

"सहा गाड्या."

"उद्या आणतो."

इतकंच. मी मनात चौदा वर्षं जी भाषणं तयार करून ठेवली होती ती तशीच राहिली. बसायलाही सांगितलं नाही त्यानं. अर्थात मी बसले नसतेच.

१८ मे

सहा गाड्या म्हटलं की माणसानं सहा दिवसांत आणाव्यात की नाही? हा रोज अर्धी गाडी आणतो. म्हणे कोपरा दलदलीचा आहे, चाक रुततं. रोज सकाळी साडेआठला येतो (सांगतो आठ), माती उतरवतो, आणि मग मला कॉफी द्यावी लागते, कारण न देणं वाईट दिसतं. आज त्यानं दोन कप घेतले आणि जिन्याचा दुसऱ्या वळणावरचा सैल दगड बसवून दिला. बाबा पडले तोच दगड. मी सांगितलं नव्हतं.

१२ जून

पंधरा दिवस माती भिजवणं, तीत चिरलेला पेंढा घालणं आणि तुडवणं चाललं आहे. आता ती खोलीभर पसरायची आणि चोपायची. मी शहरातून चोपायचं यंत्र भाड्यानं ठरवलं, एका दुपारचं काम. लोमिगकाकांनी यंत्र फाटकातूनच परत पाठवलं. माझ्या फाटकातून! मला न विचारता!

"यंत्रानं भुई बसते, जुळत नाही," म्हणे. "भुई नाचूनच करायची. आख्खं गाव बोलवायचं, लाकडी बूट घालून. सत्तावीस साली तुझा बाप नि मी इथंच नाचलो. तुझी आई त्याच दिवशी पहिल्यांदा त्याचा हात धरून नाचली."

"काका, त्र्याऐंशी साल आहे."

"म्हणून काय लोकांचे पाय गेले?"

इस्पितळात तक्रार घेऊन गेले तर बाबांनी वर आणखी एक अट घातली: आमंत्रण प्रत्येक घरी मालकिणीनं स्वतः जाऊन करायचं, आणि एकही घर वगळायचं नाही. वगळलं तर भुई त्या बाजूनं फुटते.

"ही अंधश्रद्धा आहे बाबा."

"असेल. तुदीच्या बायकोला आधी सांग. ती नाचते चांगली."

हात टेकले मी ह्या माणसापुढे. वजन अजून दोन किलो उतरलं आहे. वाद घालायला मात्र जोर आहे.

२६ जून

एकवीस घरं झाली. एकवीस घरी कॉफी, एकवीस घरी केक, आणि एकवीस घरी, "तुदीही येणार का?" तुदीच्या बायकोनं, अनानं, माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि रडली. मला कुठे बघावं कळेना.

१० जुलै, रविवार

पाय सुजले आहेत, पण लिहूनच झोपते.

दुपारी दोन वाजता लोक आले. सत्तरेक माणसं, अर्ध्यांनी आजोबांचे लाकडी बूट माळ्यावरून शोधून आणलेले. तुदीनं आपल्या गाडीत गादी घालून बाबांना इस्पितळातून आणलं. डॉक्टरांनी तीन तास दिले होते. दिवाणखाना रिकामा, खिडक्या उघड्या, खाली ओली पिवळी माती. बाबांची खुर्ची चुलाणासमोर फळ्यांवर ठेवली. त्यांनी वर धुरानं काळ्या झालेल्या तुळयांकडे बघितलं, मग खाली.

आमच्या ह्या नाचाला वाजंत्री नसते, दोन गळे लागतात. एकानं ओळ म्हणायची, दुसऱ्यानं तिची शेवटची अक्षरं पकडून तीच ओळ उचलायची. मधे श्वासाला फट नसते, त्यामुळे माणसं एकमेकांच्या सवयीची लागतात. तुदी पहिला आणि लोमिगकाका दुसरे असं ठरलं होतं. ऐन वेळी लोमिगकाका गळ्याला मफलर गुंडाळून आले. घसा बसला. जुलै महिन्यात!

"आता?" मी म्हटलं.

बाबा खुर्चीतून म्हणाले, "तू म्हण. गाई आणताना म्हणायचात की दोघं."

"मी चाळीस वर्षांत गायले नाही!"

"मग भुई वाळून जाईल, पोरी. लोक उभे आहेत."

सत्तर माणसं माझ्याकडे बघत होती. तुदी माझ्याकडे बघत नव्हता, बुटाच्या टोकाकडे बघत होता. त्यानं पहिली ओळ म्हटली. त्याचा आवाज अगदी आमच्या आजोबांसारखा झाला आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ओळ संपायला आली आणि माझं तोंड आपोआप उघडलं. शेवटची तीन अक्षरं आम्ही बरोबर म्हटली.

पुढचं नीट आठवत नाही. लोक हातांत हात अडकवून, खांद्याला खांदा घट्ट लावून खोलीभर फिरत होते, आणि सगळ्यांचे पाय एकदम पडले की भिंतीतून आवाज यायचा. बाबा काठीनं ठेका धरत होते. दोन वेळा ओळ माझ्याकडून सुटणार होती, दोन्ही वेळा तुदीनं शेवटचं अक्षर जरा लांबवून माझी वाट बघितली. चार वाजता भुई दगडासारखी झाली होती आणि माझा घसा खरोखर बसला होता. बाहेर अंगणात डुकराचं मांस, काळ्या गव्हाची धिरडी, सायडरचं, म्हणजे सफरचंदाच्या दारूचं, पिंप. लोमिगकाका पिंपापाशी उभे राहून इतक्या मोठ्यानं ओरडत होते की गावाच्या टोकाला ऐकू जावं. घसा बसलेला माणूस एवढा ओरडतो कसा?

बाबांना गाडीत ठेवताना तुदी म्हणाला, "ताई, तुझा सूर अजून चढा लागतो."

"तूच चढा धरलास," मी म्हटलं.

२७ ऑगस्ट

बाबा घरी आले. डॉक्टरांच्या माणसानं भिंतींना हात लावून बघितला. कोरड्या. चुलाण पेटवलं. बाबांनी बूट काढले आणि मोजे घातलेले पाय भुईवर टेकवले. तासभर तसेच बसले होते.

मी विचारलं, "झालं ना आता मनासारखं?"

"झालं," म्हणाले. "तुदी जेवायला आहे ना?"

आहेच. रविवार, बुधवार, आणि शुक्रवारी मासे असतात म्हणून. माझ्या घराची खानावळ झाली आहे.

१९ ऑक्टोबर

बाबा आज सकाळी गेले. खुर्चीत, चुलाणासमोर. तुदी लाकडं आत आणत होता, मी कॉफी गाळत होते. आम्ही दोघं कशावरून तरी भांडत होतो, बहुतेक ओल्या लाकडांवरून. गप्प झालो तेव्हा लक्षात आलं.

मला फार एकटं वाटलं असतं. वाटलं नाही, आणि ह्याचंच राहून राहून रडू येतं.

२४ ऑक्टोबर

चुलाणापुढे बाबांच्या काठीनं भुईत एक खळगा पडला आहे. लोमिगकाका म्हणाले, भरून घेऊ, सपाट होईल. मी म्हटलं, हात लावून तर बघा.

२५ नोव्हेंबर, सेंट कॅथरिनचा दिवस

झाडं लावायचा दिवस. तुदी सकाळी साडेआठला (सांगून आठ) बारा ओकची रोपं गाडीत घालून आला. विचारलं नाही, सांगितलं नाही. फाटकापासून दोरी धरून खुणा केल्या आणि कबुतरखान्याच्या मागे पहिला खड्डा घेतला. लोमिगकाका दगडावर बसून चुका काढत होते.

दुसऱ्याच फावड्याला पिवळी माती लागली. चिकट, लोण्यासारखी, एक खडा नाही. तुदीनं आणखी खणलं, कमरेइतकं. खाली सगळी तीच. मी हातात घेऊन मळली. नव्या भुईची माती मी पंधरा दिवस पायांनी तुडवली आहे, मला ओळखायला वेळ लागला नाही. ही तिच्यापेक्षा चांगली होती.

गढीच्या दारापासून इथवर चाळीस पावलं आहेत. मी मोजली.

"काका," मी म्हटलं, "ही माती इथे आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

लोमिगकाका आभाळाकडे बघायला लागले. "आता सातही वेळा इथनंच काढलेली. सत्तावीस साली मी नि तुझ्या बापानंच खणली. तुझा बाप म्हणाला, पोरीला बोलू नकोस. मित्र आहे, काय करणार?"

म्हणजे त्या म्हाताऱ्यानं अंथरुणावर पडल्या पडल्या मला पाच महिने नाचवलं! दलदलीतून सहा गाड्या माती, एकवीस घरची कॉफी, घसा बसल्याचं सोंग! आणि आता भांडायला जावं तर तो कबरस्तानात. मी हातातली माती खाली आपटली आणि तुदीकडे वळले.

"आणि तू? तुला माहीत होतं?"

तो फावड्याची माती बोटानं निपटत राहिला. "लहानपणापासून. भेगा लिंपायला बाबा इथूनच न्यायचे. तू तोवर पॅरिसला गेली होतीस."

"मग मी तुझ्या दारात येऊन माती मागितली, तेव्हा मूग गिळून का बसलास? सरळ सांगायचं होतंस, कबुतरखान्यामागे खण म्हणून!"

"चौदा वर्षांनी आली होतीस, ताई," तुदी म्हणाला. "परत पाठवू?"

मी रोप उचललं आणि खड्ड्यात सरळ धरलं. त्यानं माती लोटली.